जहाजाच्या दोन पिशव्या

जमना,

माझी अर्धी दाढी झाली आणि लाईट गेली.

तू मशीन माझ्या गालावरून उचललंस, कानाशी नेऊन हलवून बघितलंस. मग जरा मागं सरून माझ्या तोंडाकडं नीट बघितलंस आणि पदर तोंडात कोंबलास.

"काय झालं?" मी म्हणलो.

"काय न्हाई. एका बाजूनं नवरदेव दिसता, एका बाजूनं गोसावी."

"म्हणून म्हणत होतो, हात उचल. लाईट जायची येळ झाली होती."

"गालफडं बसलीत तुमची. खड्ड्यात मशीन घालून एकेक केस काढावा लागतो. येळ लागतोच."

"मग आता असाच हिंडू?"

"सकाळच्या लाईटीला डावी बाजू करून देते. कुठं पाव्हणे बघायला येणार हायेत तुमाला?"

मशीन कोनाड्यात ठेवलंस. वायर बोर्डातच, बटण चालूच. मग बाजेवर टेकलीस आणि शेकायची पट्टी कमरेमागं ओढून घेतलीस. मी म्हणलो, लाईट गेली की. तर म्हणालीस, "लाईट गेली म्हणून गर्मी लगेच जात न्हाई. जरा येळ राहते. ती काहून वाया घालवू?"

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. तेबी अर्धंच.

मी शेळी बांधायला मागं गेलो. परत आलो तवा तू तशीच भिंतीला टेकून बसली होतीस, पण मान एका अंगाला. मी म्हणलो, झोपलीस का? मग जवळ आलो. पुढचं तुला सांगून काय करू. शेजारच्या किसनची जीप, हिंगोलीचा दवाखाना. डॉक्टरनं मानेला दोन बोटं लावली आणि माझ्याकडं न बघता किसनकडं बघितलं. येताना तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्यात खड्डा आला की मी ते दोन्ही हातांनी धरत होतो, तुला लागू नये म्हणून. किसन मागं वळून बघायचा आणि जीप अजून हळू घ्यायचा. चांगला माणूस आहे.

हे मी मराठीत लिहून राहिलो याचं तुला हसू येईल. आपण घरात आपली बंजाऱ्यांची गोरबोलीच बोललो, भांडलो बी तिच्यातच. पण आपली बोली लिहायला मला कोणी शिकवली न्हाई. साखऱ्याच्या शाळेत चार इयत्ता झाल्या त्या मराठीत. म्हणून तुझं बोलणं बी मीच मराठीत करून टाकलं. कुठं चुकलं असंल तर तिथं बसून माझी टिंगल कर. तशी तू करशीलच. गोविंद म्हणला, बा, एकटे बडबडत बसता त्यापेक्षा लिहून काढा. म्हणून बसलो.

गोविंद जहाजावर लागला तवा तांड्यात कोणाला पटलं न्हाई. आपल्या तांड्यातला माणूस ऊस तोडायला जातो, पुण्याला बांधकामावर जातो. समुद्रात कोण जातं? तो सांगायचा, पाव्हण्यांचं जहाज आहे, हॉटेलासारखं. लोक नुसते फिरायला बसतात, त्यांना कुठं जायचं नसतं. तू विचारलंस, "कुठं जायचंच नसतं तर बसतात काहून?"

तो तिथं कपडे धुवायच्या खात्यात. पाव्हण्यांच्या चादरी, सायबांचे सदरे. एकदा फोनवर सहज बोलून गेला की आमच्या झोपायच्या खोल्या जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या खाली, खिडकी नसते. झालं. तवापासून तू धरून बसलीस. लेकरू पाण्याखाली निजतं. मी म्हणलो, अगं पाण्यात न्हाई निजत, लोखंडाच्या आत निजतं. तू म्हणालीस, "तुमी बघितलंय?" मी कुठं बघितलंय.

कंपनी आई-बापाला पास देते, मुंबईहून गोव्याला जाऊन परत, असं तो म्हणला तवा तुला गोवा बघायचा नव्हता. समुद्र बी न्हाई. तुला ती खोली बघायची होती. गादीला हात लावून बघायचा होता, ओल तर न्हाई ना. हे फक्त मला ठाऊक. बाकी तांड्याला तू सांगत हिंडलीस, आमी हवा खायला चाललो. बायांना ते खरं वाटलं. तुझा चेहरा खोटं बोलायला लई चांगला होता.

काय न्यायचं, काय न्हाई, हे बोलणं टेकाडावर झालं, कारण मोबाईलला रेंज तिथंच. तू मोबाईल दोन्ही हातांनी धरलेला, मी दुसऱ्या अंगानं कान लावलेला. तुझ्या डोक्याचं तेल माझ्या कानाला लागत होतं.

"आई, इस्त्री आणू नको," गोविंद म्हणला.

"मग तुझ्या बाचा सदरा?"

"आई, मी तिथं दिवसभर इस्त्रीच करतो."

मग म्हणालीस, "घरी कधी केली न्हाईस."

"पाणी तापवायचा रॉड बी नको. नळाला गरम पाणी येतं."

"कवा येतं?"

"सोडलं की येतं."

"आपला बोर्ड? लांब वायरचा?"

"न्हाई चालत. जहाजावर आगीचं भ्या असतं. पेटलं तर माणसांनी पळायचं कुठं?"

"डासांचं मशीन?"

"समुद्रात डास नसतात."

तू मोबाईलवर हात ठेवून मला म्हणालीस, "आता खोटं बोलायला लागला बघा."

मग त्यानं काय चालतं ते सांगितलं. दाढीचं मशीन चालतं, मोरीत त्याच्यापुरतं वायर घालायचं वेगळं भोक असतं. मोबाईलचं चार्जर चालतं. बॅटरी चालते, रेडिओ चालतो, चार्जिंगचा दिवा आणलात तर आणा, पण लागणार न्हाई. तिथं लाईट जात न्हाई.

"कधीच?"

"कधीच न्हाई."

"मग लोक झोपतात कवा?"

पोरगं हसत सुटलं. लई दिवसांनी मी त्याचं ते हसणं ऐकलं, लहानपणी शेळीच्या पिल्लामागं पळताना हसायचं तसं. तू बी हसलीस. मग हसणं आवरून तू विचारलंस, "आणि माझी पट्टी?"



"आई, शेकायची पट्टी चालत न्हाई. लोक बटण चालू ठेवून उठून जातात. गादी पेटते."

तू माझ्याकडं बघितलंस. मी टेकाडाखाली बघायला लागलो. मग रेंज गेली.

आता आपल्या तांड्यात बटण बंद कोण करतं? लाईट कवा येईल याचा भरवसा न्हाई, म्हणून सगळ्यांची सगळी बटणं चालू. दिवा लागला, पंखा फिरला की कळतं, आली. मग जो तो पळतो, कोणी मोटारीकडं, कोणी पिठाच्या गिरणीकडं. मी म्हणायचो, जमना, उठताना पट्टीचं बटण तरी बंद करत जा. तुझं म्हणणं, बटण बंद करून बसणं म्हणजे पाव्हणा यायच्या आधीच दार लावून घेणं. किती वर्षं हेच. मी बंद करायचो, तू चालू करायचीस. गोविंद ते बोलला तवा मला मनातनं बरंच वाटलं. म्हणलं, आता माझ्या बाजूनं अख्खं जहाज आहे.

पण ती पट्टी बी त्यानंच आणलेली. निळी, उशीएवढी, कुठल्या तरी बंदरातनं. पिन आपल्या बोर्डात बसेना, मग हिंगोलीतल्या मिस्त्रीकडून बदलून घेतली. वर्षानुवर्षं वाकून ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर वाहिल्या, तिथं गेलेली कंबर या पट्टीवर परत आली असं तू बायांना सांगायचीस. माझ्यावर कधी एवढा भरवसा ठेवला न्हाईस. एकदा मी तसं म्हणलो बी. तू म्हणालीस, "तुमी गरम होता, पण कमरेला काय फायदा होत न्हाई त्याचा."

सामान बांधणं तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. आपले आजे-पणजे बैलांवर धान्य, मीठ लादून मुलूखभर हिंडले. बैलाच्या दोन्ही अंगांना गोण्या, आणि दोन्ही एका वजनाच्या, कारण एक जड झाली की बैलाची पाठ सोलते. ते बैल गेले, ते हिंडणं गेलं, आपण शेती करायला लागलो, पण ते वजन तुझ्या हातात राहून गेलं होतं. बाजारातनं येताना तुझ्या दोन हातांत दोन पिशव्या, सारख्या. एकीकडं गूळ जास्त झाला की भर रस्त्यात खाली बसून कांदे इकडून तिकडं. मोटारी हॉर्न वाजवायच्या, तुला काय फरक पडत नव्हता. मी म्हणायचो, तू काय बैल हायेस का? तू म्हणायचीस, "मग कोण वाहतं? तुमी?"

ऊसतोडीला निघायचो तवा ट्रकमधे बाकीच्यांची भांडी रस्ताभर वाजायची. आपली कधी वाजली न्हाईत. तिथं जे मिळत न्हाई ते सगळं घ्यायचं, ही तुझी रीत, आणि तिथं तर काहीच मिळायचं न्हाई, म्हणून तू घरच उचलायचीस. जहाजाचं बी तू तसंच धरलंस. कुठं बाहेर राहायला जायचं म्हणजे उसाच्या फडात जायचं, दुसरं आपल्याला माहीतच नव्हतं. म्हणून तर नळाला गरम पाणी येतं हे ऐकून बी तू रॉड काढला न्हाईस. तो मी काढला. इस्त्री बी मीच काढली. त्या दोन्हींवर तू फार भांडली न्हाईस.

फडाचं निघालं म्हणून एक सांगतो. एका साली मला ताप भरला, कोयता उचलेना. तू तुझी ओळ तोडलीस, माझी बी तोडलीस. संध्याकाळी मुकादम आला. म्हणला, हा तर पाचटाच्या कोपीत पडून हाय, मग मोळ्या दोघांच्या कशा? तू म्हणालीस, "दोघांच्याच हायेत. त्यो निजून तोडतो." मुकादम हसला आणि लिहून घेतल्या. मी कोपीतनं ऐकलं. अंगात ताप होता, मला बी हसू आलं, मग रडू आलं. तुला ते कळलं न्हाई, तू चुलीशी होतीस. हे मी तुझ्यासमोर कधी काढलं न्हाई. काढलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता काय पाय धरता का माझे. धरले असते, तर तू लाथ मारली असतीस. आपलं असंच होतं.

त्या दुपारी दोन पिशव्या तयार होत्या. हिंगोलीतनं आणलेल्या, काळ्या, एकसारख्या. तारीख अजून लांब होती, पण तुला धीर कुठं. माझ्या पिशवीत माझे कपडे, बॅटरी, चार्जिंगचा दिवा, रेडिओ. तुझ्या पिशवीत तुझे कपडे, तळाशी जहाजासाठी घेतलेली हिरवी साडी, ठेच्याचा डबा, मोबाईलचं जुनं चार्जर, आणि वर पट्टी. दोन्ही हातांनी दोन्ही उचलून तू म्हणालीस, "हां."

मी पट्टी काढून बाजेवर ठेवली.

"हे काय करता?"

"चालत न्हाई म्हणला ना तो?"

"मग रेडिओ काढा."

"रेडिओ काहून? रेडिओला तो न्हाई म्हणला न्हाई. सेलवर चालतो."

"समुद्रात तुमाला हळदीचा भाव कोण सांगणार?"

"बातम्या ऐकीन."

"पट्टी काढली तर माझी हलकी झाली, तुमची जड राहिली. रेडिओ काढा, म्हणजे होतात बराबर."

"तुझ्यात दुसरं काय तरी टाक."

"दुसरं काय टाकू? मला दुसरं काय लागत न्हाई."

तू म्हणालीस, "पट्टी येत नसंल तर मी बी येत न्हाई."

"नको येऊ."

"आणि तुमी एकटे जाऊन काय करणार? स्वतःची दाढी तरी येते का तुमाला?"

एवढ्यात लाईट आली. लाईट आली की आपलं भांडण बंद, ही पहिल्यापासूनची रीत. भांडायला सगळा दिवस आहे, लाईटीचं काम लाईटीतच होतं. पट्टीची वायर तू बोर्डात घातलीस, मशीनची घातलीस आणि म्हणालीस, "बसा."

भांडण तिथंच राहिलं. रविवारी गोविंदचा फोन यायचा होता, त्याला विचारून तोडू असं माझ्या मनात होतं. तुझ्या बी मनात तेच असणार.

अजून बी माझं म्हणणं तेच आहे. जहाजवाल्यांचा नियम बराबर आहे. तू आज समोर आलीस तरी मी हेच म्हणीन. पण समोर कोणी न्हाई. मी म्हणतो आणि घर ऐकून घेतं. समोरून "मग रेडिओ काढा" म्हणणारं माणूस पाहिजे, तवा बराबर असण्यात मजा असते.

दुपारी लाईट येते तवा अख्खा तांडा हालतो. मी बाजेवर बसून राहतो. मला कुठं पळायचं न्हाई. कधी टेकाडावर जातो. मोबाईल कानाला लावतो तर सगळा आवाज माझ्याच कानात येतो, अर्धा घ्यायला दुसरं कोणी न्हाई. आवाज लई मोठा वाटतो. गोविंद विचारतो, बा, ऐकू येतं का? मी म्हणतो, येतं, हळू बोल.

तुला नेलं त्या दिवशी माणसं माझ्याकडं बघायची आणि खाली बघायची. मला वाटलं दुःखानं. मग किसन कानाशी आला. "दादा, न्हाव्याला हाक मारू का? दाढी अर्धीच हाय तुमची."

"डावी बाजू जमना करणार हाय," मी म्हणलो.

तोंडातनं गेलं. किसन तिथनं उठला आणि लाकडं रचायला लागला. बाराव्याला न्हाव्यानं सगळंच काढलं, मिशा बी. दोन्ही बाजू त्यानं सारख्या केल्या. त्याला काय, वस्तरा असतो, लाईट लागत न्हाई.

गोविंद त्याच्या आदल्या दिवशी पोचला. जहाज बंदराला लागल्याशिवाय उतरू देत न्हाईत. तुझ्या बाजेशी बसला. मग म्हणला, "बा, मी रविवारी आईला सांगणारच होतो. तिथं गरम पाण्याची रबरी पिशवी मिळते, कमरेला लावायची. मी रोज संध्याकाळी भरून आणून दिली असती. मी खालीच तर असतो, गरम पाण्यातच."

एवढी साधी गोष्ट, जमना. मधे फक्त रविवार होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोपऱ्यातली तुझी पिशवी ओढली आणि चेन उघडली. वरच पट्टी.

"बा, ही कोणी ठेवली? ही चालत न्हाई म्हणून सांगितलं होतं मी."

"माहीत हाय."

"मग?"

"राहू दे."

"दारावर काढून घेतील."

"परत देतात का?"

"उतरताना देतात. चिठ्ठी मिळते."

"मग झालं."

त्यानं चेन लावली. म्हणला, पासावरनं आईचं नाव काढावं लागंल, पण तुमी या. मी न्हाई म्हणलो. एकट्या म्हाताऱ्यानं तिथं कसली हवा खायची. हळद शिजवायची आहे, शेळी आहे, अशी दोन-चार कारणं सांगितली. त्याला बी ती खोटी आहेत हे कळलं. माझा चेहरा तुझ्यासारखा न्हाई.

मग दुपारी तो खाली जमिनीवर निजला. तुझी बाज रिकामी होती, त्यावर निजायचं त्याच्या मनाला आलं नसंल. एवढी मोकळी जमीन, पण पोरगं भिंतीला चिकटून, हातपाय आखडून, हनुवटी छातीला लावून निजलं होतं. जसं वर लगेच छत आहे आणि बाजूला दुसरा माणूस. कूस बदलताना बी तेवढ्याच जागेत बदलली. मी बघत बसलो. तो जागा झाला तवा मी म्हणलो, "येतो मी. तेवढी तुझी खोली दाखव."

"तिथं पाव्हण्यांना सोडत न्हाईत, बा."

"मी पाव्हणा न्हाई."

तो म्हणला, बघतो, विचारतो. त्याला विचारू दे. मी जाणार, गादीला हात लावून येणार, आणि ओल आहे का न्हाई ते तुला सांगणार. ते काम तुझं होतं, आता माझ्याकडं आलं.

दाढीचं मशीन घेतलं आहे, मोरीतल्या भोकात लावीन आणि होईल तशी करीन. चार्जर घेतलं. चार्जिंगचा दिवा घेतला न्हाई, तो किसनच्या पोरीला दिला, तिची परीक्षा आहे. त्याच्या जागी घोंगडी टाकली, जहाजावर गारठा असतो म्हणतो गोविंद. दोन्ही पिशव्या नेणार. गोविंद म्हणला, बा, माणूस एक, एकीतच मावंल सगळं. मावंल. पण एका हातात ओझं घेऊन मला चालता येत न्हाई, एका अंगाला झुकतो मी.

पट्टी पिशवीत कवा गेली ते मी त्याला सांगितलं न्हाई. तुला सांगतो.

सकाळी तुला ओट्यावर ठेवलं होतं. बाया जमल्या होत्या. माझ्या भावजयीनं दारातनं विचारलं, "हिरवी साडी हाय का तिची?" सवाष्ण गेलीस, तुला हिरवी पाहिजे होती. मी म्हणलो, हाय, मीच आणतो. आत दुसरं कोणी येऊ नये असं मला वाटत होतं.

पिशवीशी वाकलो आणि लाईट आली. कोनाड्यात मशीन घुंघुं करायला लागलं. थरथरत थरथरत कडेला आलं. बाहेर बायांचं रडणं एकदम थांबलं, हे काय वाजतं म्हणून. मी ते पडायच्या आत धरलं. हातात घेऊन जरा उभा राहिलो. मग वायर काढली.

तळातनं साडी काढून बाजेवर ठेवली. ठेवताना हात पट्टीला लागला. गरम होत होती. बटण तू चालूच ठेवलं होतंस. तुझ्या पाठीनं पडलेला खळगा तिच्यात तसाच होता आणि तिथं जास्त गरम लागत होतं. कोणी नुकतंच उठून बाहेर गेलं की जागा असते तशी. मी हात ठेवून बसलो. जहाजावर त्यांना नेमकं हेच नको असतं.

भावजयीनं हाक दिली. मी बटण बंद केलं. वायर गुंडाळली, तू गुंडाळायचीस तशी, सैल. गरम पट्टीची घडी केली आणि तुझ्या पिशवीत घातली. मग दोन्ही पिशव्या दोन हातांनी उचलून बघितल्या. साडी गेल्यानं तुझी हलकी लागत होती. माझ्यातनं रेडिओ काढला, तुझ्यात घातला. परत उचलल्या.

बराबर झाल्या.

मग साडी घेऊन, तसल्याच अर्ध्या दाढीनं, तुझ्याकडं बाहेर आलो.